झोळीतले मूल

रात्री लवकर न झोपणाऱ्या पोराला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एक धाक घातला जात आला आहे : गप्प नीज, नाहीतर बुवा येईल आणि झोळीत घालून नेईल. हा बुवा कोण, कोठला, नेलेल्या पोरांचे तो करतो तरी काय, याची चौकशी कोणी करीत नाही. मूल झोपले की बुवाही अंधारात नाहीसा होतो. परंतु भीतीचा स्वभाव असा, की ज्याला ती दाखवावी त्याच्यापेक्षा दाखविणाऱ्याच्याच मनात ती अधिक काळ मुक्काम करते.

ऐन दिवाळीत, घरातली मुले फराळाच्या ताटाभोवती जमलेली असताना, हा विषय काढावा काय, असे वाचकांच्या मनात येईल. पण ज्या नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून अभ्यंगस्नान करतो, ती तरी कशाची आठवण? नरकासुराने पळवून नेऊन कोंडून ठेवलेल्या सोळा सहस्र स्त्रियांच्या सुटकेचीच! आणि रामायणातील ते सर्वांना ठाऊक असलेले हरण पाहावे, तर सीतेला न्यायला रावण आला तो यतीच्या वेषात, भिक्षा मागत. पळविणारा येतो तो भिक्षेकऱ्याच्या रूपाने, ही समजूत आपल्या मनात इतकी जुनी आहे. विसाव्या शतकात चित्रपटाने या समजुतीला पडद्यावर रूप दिले, आणि एकविसाव्या शतकात तिनेच आपल्या खानदेशात, धुळे जिल्ह्यात, एका रविवारी पाच माणसांचा बळी घेतला. हा मधला प्रवास कसा झाला, तेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम चित्रपटाकडे वळू. ही कला जेमतेम दहा वर्षांची झाली होती, तेव्हा म्हणजे १९०५ साली, इंग्लंडात सेसिल हेपवर्थ याने 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नावाचा काही मिनिटांचा मूकपट काढला. कथा अगदी साधी आहे. एक दाई तान्ह्या मुलीला बाबागाडीतून फिरावयास नेते. वाटेत एक भिकारीण हात पसरते आणि दाई तिला झिडकारते. पुढे दाई कोणाशी बोलण्यात गुंतली असता भिकारीण मागून येऊन मूल उचलते. मग घरचा कुत्रा नदी पोहून जातो, गरीब वस्तीतल्या माळ्यावर मूल शोधून काढतो आणि धन्याला तेथे घेऊन येतो. चित्रपटातला बाप स्वतः हेपवर्थ, आई त्याची बायको, मूल त्यांचेच आणि कुत्राही घरचाच! या घरगुती खेळाला मागणी मात्र एवढी आली, की प्रती काढता काढता मूळ फीत झिजून गेली आणि सबंध चित्रपट पुन्हा दोनदा घ्यावा लागला.

तीन वर्षांनी, १९०८ साली, अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. तोही मूल पळविण्याचाच. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ डॉली' हे त्याचे नाव. त्यातली लहानगी डॉली पळविणारा आहे एक जिप्सी, म्हणजे तिकडचा भटका फेरीवाला. तो तिला पिपात कोंडतो, पीप गाडीवरून नदीत पडते, धबधब्यावरून वाहत जाते आणि शेवटी काठावर मासे धरणाऱ्या मुलांच्या हाती लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन वेगळे देश, दोन वेगळे दिग्दर्शक. परंतु चोर म्हणून दोघांनीही उभे केले ते दारोदार फिरणाऱ्या माणसालाच. यात त्यांचा काही दुष्ट हेतू होता असे नव्हे. मूकपटाला वेळ थोडा आणि शब्द तर नाहीतच. तेव्हा खलपुरुष असा हवा की पाहताक्षणी ओळखू यावा. फाटके वस्त्र, खांद्यावर झोळी आणि अनोळखी चेहरा एवढ्याने काम भागे. प्रेक्षकांच्या मनात आधीच असलेली भीती दिग्दर्शकाने उसनी घेतली आणि ती व्याजासह परत केली.

या उसनवारीचा हिशेब पुढे चित्रपटानेच तपासला, हेही सांगितले पाहिजे. १९३१ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग याने 'एम' हा बोलपट काढला. एका शहरात लहान मुली नाहीशा होत आहेत, खुनी सापडत नाही, आणि शहरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने पाहू लागला आहे. या चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. रस्त्यावर एक लहान मुलगी एका वृद्ध गृहस्थाला किती वाजले म्हणून विचारते. तो बिचारा सांगतो. लगेच एक धटिंगण पुढे होऊन त्याला दरडावतो, बघता बघता लोक गोळा होतात आणि त्या निरपराध म्हाताऱ्याभोवती घेर आवळू लागतात. खरा खुनी मात्र चारचौघांसारखाच दिसणारा, नीटनेटका माणूस असतो. वाचकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

जपानच्या अकिरा कुरोसावाने १९६३ साली याच विषयाला आणखी एक पीळ दिला. त्याच्या चित्रपटाच्या जपानी नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक' असा आहे. त्यात जोड्यांच्या कारखान्यातील एका श्रीमंत अधिकाऱ्याचा मुलगा पळवावयाचा बेत असतो. पण चुकीने पळविला जातो तो त्याच्या मोटार चालविणाऱ्या नोकराचा मुलगा. खंडणीची मागणी कायम राहते. दुसऱ्याच्या मुलासाठी आपले सर्वस्व द्यावे काय, हा प्रश्न त्या माणसापुढे उभा राहतो, आणि पुष्कळ तडफडीनंतर तो पैसे देतो.

आता कोणी म्हणेल, की भीती काय उगाच जन्मते? मुले खरोखर पळविली जात नाहीत काय? जातात, आणि हे नाकारणे म्हणजे इतिहासाशी खोटे बोलणे होईल. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८३९ साली एका वेगळ्याच टोळीविषयी अहवाल लिहिला. प्रवासात गरीब आईबापांना ठार मारावयाचे आणि त्यांची मुले विकावयाची, असा त्या टोळीचा धंदा होता. आपल्या महाराष्ट्रात तर १९९० ते १९९६ या काळात एक आई आणि तिच्या दोन मुली यांनी निरनिराळ्या शहरांतून मुले पळविली, चोऱ्या करताना त्यांचा आडोशासारखा उपयोग केला आणि त्यांतली कित्येक जिवे मारली. कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ साली त्या बहिणींना फाशीची शिक्षा दिली. दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला फार विलंब झाला, या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली ती जन्मठेपेवर आणली. या प्रकरणावरही २०१९ साली 'पोशम पा' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. परंतु या बायका दिसत कशा होत्या? कडेवर मूल घेऊन गर्दीत उभ्या असलेल्या कोणत्याही बाईसारख्या! झोळीवाल्या बुवाकडे टक लावून पाहणाऱ्या गावाला त्या कधी दिसल्याच नसत्या.

खऱ्या गुन्ह्याचा इतिहास हा असा आहे. आवईचा इतिहास त्याहून निराळा आणि कितीतरी लांबलचक आहे. १७५० साली पॅरिस शहरात पोलीसच मुले पळवितात अशी वार्ता पसरून मोठे दंगे झाले. पोलिसांनी रस्त्यावर भटकणारी पोरे खरोखरच धरली होती, एवढाच तिचा धागा. पण लोकांनी त्याला जोडले ते राजाच्या स्नानासाठी लागणाऱ्या मुलांच्या रक्ताचे. आपल्याकडे मोठा पूल बांधावयास निघाला, की पायात पुरण्यासाठी मुले धरून नेतात ही कुजबूज इंग्रजी अमदानीपासून ऐकू येते. ती केवळ आजीच्या गोष्टींत राहिली असती तर बरे; पण २०१९ साली बांगलादेशात पद्मा नदीवरच्या पुलासाठी मुंडकी हवी आहेत अशी आवई उठली आणि जमावांनी खरोखरीची माणसे मारली. साल बदलते, साधने बदलतात. आवईचा सांगाडा तोच राहतो.

२०१८ साली या सांगाड्यावर मांस चढविले ते एका चित्रफितीने. पाकिस्तानातील कराची शहरात हरवलेल्या मुलांसाठी काम करणारी 'रोशनी हेल्पलाइन' नावाची संस्था आहे. तिने २०१६ साली लोकांना सावध करण्यासाठी एक लहानशी फीत तयार केली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवर दोघे जण येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. पण फीत येथे संपत नाही. तेच दोघे परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवितात आणि एक फलक उलगडून दाखवितात : कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, तेव्हा मुलांना जपा. हेतू चांगला, युक्तीही बरी. परंतु कोणीतरी या फितीचा शेवट कापला. मूल परत आणण्याचा आणि फलकाचा भाग गेला. राहिली ती केवळ चोरी. ही लांडी फीत २०१८ च्या उन्हाळ्यात, आपल्याच गावाजवळची घटना म्हणून, भारतभर मोबाइलवरून फिरली. तिच्या जोडीला सीरियात २०१३ साली विषारी वायूने मेलेल्या मुलांची छायाचित्रेही, पळवून मारलेली मुले म्हणून, फिरविण्यात आली. कर्नाटकापासून आसामापर्यंत निरपराध माणसे मारली गेली. त्रिपुरात तर २८ जून रोजी, ध्वनिवर्धक घेऊन 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सांगत गावोगाव फिरणाऱ्या सरकारी कामावरच्या माणसालाच जमावाने ठार केले.

खानदेशातही टोळ्या उतरल्याचे संदेश घरोघर पोहोचले होते. तीनच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, ती घटना घडली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला, डोंगराळ आदिवासी पट्ट्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. रविवारचा आठवड्याचा बाजार भरलेला होता. पाच परके पुरुष एस. टी. च्या बसमधून उतरले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना लोकांनी पाहिला, असे पुढे पोलिसांनी सांगितले. एवढे पुरे झाले. बाजारातली गर्दी त्यांच्यावर धावली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन कोंडण्यात आले आणि तेथेच मरेपर्यंत मारण्यात आले. पोलीस आले, पण जमावापुढे ते मूठभर ठरले. आणि या मारहाणीचेही लोकांनी मोबाइलवर चित्रीकरण केले! एका चित्रफितीने पेटविलेल्या भीतीतून अशी दुसरी चित्रफीत जन्माला आली. फरक इतकाच, की या दुसरीत अभिनय कोणीच करीत नव्हते.

फ्रिट्झ लांगच्या चित्रपटातला वेळ सांगणारा तो म्हातारा येथे आठवावा. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वी पडद्यावर दाखविलेला प्रसंग साक्री तालुक्यात जसाच्या तसा उभा राहिला.

हे पाच जण होते तरी कोण? ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. त्यांच्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढे तालुक्यातले, म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटर दूरचे. डौर वाजवून, देवाची गाणी म्हणून भिक्षा मागणारी ही माणसे. महाराष्ट्र शासनाच्या यादीत ती भटक्या जमातींत मोडतात. वर्षातले काही महिने गाव सोडून फिरावयाचे, पालावर राहावयाचे आणि मग घरी परतावयाचे, असा त्यांचा क्रम. मंगळवेढे ही दामाजीपंतांची आणि चोखोबांची भूमी. आणि नाथपंथ तर आपल्या मराठीच्या मुळाशीच आहे. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला, निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना. ज्ञानेश्वरी लिहिली गेली ती या परंपरेच्या ओसरीवर बसून. ज्या वेषाला आपण देव्हाऱ्यातल्या तसबिरीत हात जोडतो, तोच वेष बाजारात दिसला की आपल्याला चोर आठवतो, हा विसंवाद एकट्या राईनपाड्याचा नव्हे.

या संशयाला एके काळी राजमान्यताही होती. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. पुढे तो कायदा देशभर लागू झाला. माणसांना हजेरी लावावी लागे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला. मनातून मात्र तो पुसला गेला नाही. फिरणारा तो संशयित, हा धडा ऐंशी वर्षे गिरवून घेतल्यावर एका सहीने कसा विसरला जाणार? राईनपाड्याचे रहिवासी स्वतः आदिवासी, तेही उपेक्षित. म्हणूनच ही गोष्ट अधिक दुःखाची. एका गरिबाच्या लेकराच्या काळजीतून दुसऱ्या गरिबाची लेकरे पोरकी झाली.

पुढे जे व्हावयाचे ते झाले. गावातल्या अनेकांना अटक झाली, खटला उभा राहिला. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निर्णय देताना प्रत्येक जिल्ह्यात एक जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले. व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात दुसऱ्याकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. हे उपाय चांगलेच आहेत. परंतु मर्यादा पाच ठिकाणांची घातली तरी पहिले बोट उचलते ते माणसाच्याच हाताचे.

आता शेजारच्या जळगाव जिल्ह्याकडे येऊ. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे गाडीतून बिहारची ५९ मुले महाराष्ट्रातील मदरशांत शिकावयास निघाली होती. ही तस्करी असावी या संशयावरून भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवर त्यांना उतरविण्यात आले. मुलांची रवानगी जळगाव आणि नाशिक येथील बालगृहांत झाली; बरोबरच्या पाच जणांवर गुन्हे दाखल होऊन त्यांनी सुमारे चार आठवडे तुरुंगात काढले. पुढे तपास झाला आणि २०२४ च्या मार्चमध्ये रेल्वे पोलिसांनी, हा सारा गैरसमजाचा प्रकार होता असे सांगून, प्रकरणे मिटविली. संशय येथेही परक्यावरच आला, आणि चारचौघांसारख्या निरपराध माणसांना तुरुंगाचे दार दिसले. जे झाले ते अन्यायाचेच होते. तरीही राईनपाडा आणि भुसावळ यांत एक अंतर आहे. पाच तेथेही होते, पाच येथेही. कायदाही चुकतो, पण कायद्याच्या चुकीत माणूस जिवंत राहतो आणि खरे काय ते कळावयास अवधी मिळतो. जमाव तो अवधीच ठेवीत नाही. कराचीच्या फितीचा शेवट कात्रीने कापला गेला होता, राईनपाड्यात तो काठ्यांनी कापला गेला.

धुळे हे इतिहासाचार्य राजवाडे यांचे गाव. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करीत त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला आणि १९२६ साली धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा सारा आग्रह एकाच गोष्टीचा होता : बखरीत आहे म्हणून खरे मानू नका, अस्सल कागद पाहा, तारीख पाहा, लिहिणारा त्या वेळी तेथे होता काय ते पाहा. ऐकीव गोष्टीवर इतिहास रचू नये, हे सांगण्यासाठी या माणसाने आयुष्य वेचले. हाती आलेली प्रत्येक चित्रफीत ही आजची बखर आहे. ती कोणी काढली, कोठे, केव्हा, तिचा पुढचा भाग कोठे आहे, हे चार प्रश्न विचारावयास संशोधक असावे लागत नाही. घरातल्या शाळकरी मुलालाही ते शिकविता येतील; बुवाच्या धाकापेक्षा ते त्याला पुढे अधिक उपयोगी पडतील.

आणि हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. राईनपाड्याच्या त्याच दिवशी, धुळ्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या मालेगावात, दोन वर्षांचे मूल बरोबर असलेल्या एका परक्या कुटुंबाला याच संशयावरून रात्री जमावाने घेरले. तेथल्याच एका रहिवाशाने त्या पाच जणांना आपल्या घरात घेतले. बाहेर गर्दी वाढत होती. पोलीस आले आणि त्यांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. दार उघडताना त्या गृहस्थाजवळ या माणसांच्या निर्दोषपणाचा कोणताही पुरावा नव्हता. सकाळ होईपर्यंत ही माणसे जिवंत राहिली पाहिजेत, एवढेच त्याला कळत होते.